हरकती व सूचना

सांगली ते मिरज, दहा-एक किलोमीटर.
माझ्या पडद्यावर रस्ता वीतभर.
दोन्ही अंगांना पाच-पाचशे फुटांची पट्टी, पिवळी.
साहेब म्हणाले, हळदीचं गाव आहे, पिवळीच ठेवा.
त्या पट्टीतली घरं मी वर ओढते.
माऊसनं धरायचं, ओढायचं,
दोन मजले, चार, सात.
आडातनं घागर ओढायला जोर लागायचा,
सात मजल्यांना काहीच लागत नाही.

हिशोब सरळ आहे.
नदीकडं सरकता येत नाही. गावभागातल्या भिंतींवर
पुराच्या रेघा आहेत, साल घालून,
दारावर पोराची उंची मोजून ठेवावी तशा.
मळ्यांकडं पसरलो तर तिथवर बस जात नाही,
वडाप जातं, तेही भरलं तर.
म्हणून उभं वाढायचं, बसच्या दारात.
माणसं दाट झाली की दहा मिनिटाला गाडी परवडते,
दहा मिनिटाला गाडी आली की माणसं दाट राहतात.
आधी कुणी यायचं, एवढंच अहवालात नाही.

इमारती झाल्या. साहेब म्हणाले, आता माणसं घाला.
प्रोग्राममध्ये माणसं फुकट मिळतात.
लांब कोटातला एकजण, हातात कागदी कप.
एक बाई, तिच्या साखळीला पांढरं कुत्रं.
विश्रामबागच्या थांब्यावर मी त्यांना उभं केलं.
ती अशी उभी राहिली
की त्यांना कुठं जायचंच नाही.

मग गुरुवारी सकाळी मोबाईल घेऊन थांब्यावर गेले.
नर्सिंगच्या तीन पोरी, इयरफोन एकच.
मिरजेचा एक म्हातारा, मांडीवर तंबोऱ्याचा भोपळा;
भोपळ्याला अर्धं तिकीट लागतं का, यावर
कंडक्टर नलवडेबाईंशी त्याचं चाललेलं.
मार्केट यार्डातला हमाल, कानाच्या पाळीतसुद्धा हळद.
आणि थांब्यामागं, पत्र्याच्या खोक्यात,
पंक्चरवाला बाबालाल जमादार,
बादलीत ट्यूब दाबून बुडबुडा शोधत.
सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, घ्या की.
रात्री एकेकाला कडेकडेनं कापलं,
सावल्या दिल्या, दुपारी चारच्या.

महापालिकेच्या हॉलात चित्र लागलं, आठ बाय चार.
हरकतींना तीस दिवस.
अकराव्या दिवशी बाबालाल आला, हात पुसत.
लय वेळ बघितलं त्यानं.
"मॅडम, मी झकास आलोय.
पण माझं खोकं कुठं हाय?"

खोक्याच्या जागी सात मजले होते.
खाली काचेचं दुकान, काचेत आभाळ,
आणि बाबालाल तसाच वाकलेला, बादलीशिवाय,
फूटपाथवर काहीतरी पडल्यासारखा शोधत.

म्हणाले, खाली गाळे आहेत की. त्यातला एक घ्या.
"भाडं?"
नकाशात उंचीला खूण आहे, सावलीला आहे,
झाडाच्या घेरालासुद्धा आहे.
भाड्याला माझ्याकडं रंग नव्हता.

फॉर्म दिला. हरकत की सूचना, एका चौकटीत खूण करा.
त्यानं पेन दोन चौकटींच्या मधे धरून ठेवला.
"दहा मिनिटाला बस येणार, हे खरं?"
खरं. मंजूर झालं तर.
"मग बहीण डायलिसिसला वेळेत पोचंल.
परवा दीड तास थांबली हुती, हितंच, माझ्या खोक्यात."
आणि त्यानं दोन्ही चौकटींत खूण केली.

साहेब म्हणाले, दोन खुणा म्हणजे फॉर्म बाद.
मी तो फाईलीला लावला तरी.

संध्याकाळी चित्र परत उघडलं.
मजले होते तेवढेच राहू दिले,
तो माझ्या हातातला विषय नाही.
काचेपुढं फक्त एक बादली ठेवली, निळी, कानाला चीर गेलेली.
पाणी लवकर जमलं.
पाण्यातल्या बुडबुड्याला मात्र
अर्धी रात्र लागली.