दाब, धर, सोड

अ‍ॅक्सलखाली जांभ्याचे चिरे रचले
आणि फार्गोच्या पोटाखाली सरकलो.
पाठीखाली गोणपाट,
त्याला अजून सोड्यांचा वास.

टॉर्च दातांत धरून चाचपलं,
तर चासीच्या कडेनं गेलेली ब्रेकची नळी
बोट लागताच तुटली, वाळक्या शेवग्यासारखी.
लोखंड कधीच संपलं होतं, नुसता गंज उभा होता.
छत्तीस वर्षं बर्फाच्या पेट्यांतलं खारं पाणी
फळ्यांमधून ठिबकत होतं,
आणि आम्ही म्हणत होतो, ठिबकू दे, पाणीच आहे.

नटांना रात्रभर रॉकेल पाजलं.
सकाळी दोन सुटले,
एक पान्यातच गोल झाला,
एकानं माझ्या बोटाचं साल काढलं.
लियाकत म्हणाला होता, चाचा, भंगारात घाला,
वजनावर बरे पैसे येतील.
मी त्याच्याकडून सहा मीटर नळी आणली, तीन होज,
आणि फ्लेअर काढायचं हत्यार, शुक्रवारपर्यंत उसनं.

जुना होज मधोमध कापून पाहिला.
बाहेरून टाचेसारख्या भेगा,
आतून रबर सुजून भोक उरलेलं मोहरीएवढं.
एवढ्याशातून जायचं होतं आमचं थांबणं.

नळी वाकवायला काहीतरी गोल हवं.
हौसाचा वरवंटा घेतला, न विचारता.
पुढच्या डाव्या चाकाकडचा बाक
त्यामुळे जरा मिरचीच्या रंगाचा आहे.

इथवर सगळं एकट्यानं होतं.
पण नळ्यांतली हवा काढायला दुसरं माणूस लागतं.
हौसा आली, कुरकुरत,
ड्रायव्हरच्या जागेवर बसली,
मांडीवर करंदीचं ताट.

दाब.
धर.
सोड.

निपलला सलाईनची नळी, नळीचं टोक बाटलीत.
आधी काळं तेल आलं, मग फेस,
मग बुडबुडे, एकामागे एक.
मागचं डावं चाक पहिलं, सगळ्यात लांबचं.
दाब. धर. सोड.
कुंपणापलीकडून गोदी ओरडली,
अगो, दिवसाढवळ्या काय चाललंय तुमचं!
हौसानं करंदीचं डोकं तिच्या दिशेनं भिरकावलं.

तळाच्या पत्र्याला पडलेल्या भोकातून
मला फक्त तिची टाच दिसत होती
आणि टाचेला चिकटलेला एक खवला.

"आसूदच्या उताराला," ती वरून म्हणाली,
"तुमी मला उडी मार म्हणालात."

पाना हातात तसाच राहिला.
सात महिने झाले होते.
कुणाच्या तरी गडग्याचे अकरा चिरे पाडून
गाडी थांबली होती,
मालकानं एक सुरमई घेऊन विषय मिटवला होता,
आणि घरात आम्ही
मीठ, डिझेल, लाईटबिल, एवढंच बोललो होतो.

"दाब," मी म्हणालो.
तिनं दाबला.
"मी मारली नाय."
"धर."
"का नाय मारली, इचारलं पण नाय तुमी."

बाटलीत एक मोठा बुडबुडा आला
आणि फुटायला वेळ लावला त्यानं.

"का?"

"हँडब्रेकचा दांडा माझ्या गुडघ्याशी होता.
तुमचे दोन्ही हात स्टेरिंगला.
मग वढणार कोण, गोदी?"

पुढचं उजवं चाक शेवटचं.
तेल आता स्वच्छ येत होतं,
मधाच्या रंगाचं, अखंड.
मी निपल आवळला, फडक्यानं पुसला,
पुन्हा बोट फिरवून पाहिलं. कोरडा.

"आता लागतोय," ती म्हणाली, "दगडासारखा."
ते मला खालून कळलं नसतं.

"सोड," मी म्हणालो.

वर करंदी सोलायचा आवाज थांबलेला.
भोकातून पाहिलं, तर टाच तिथेच.
तिनं अजून थोडा वेळ धरून ठेवलं.