अकरा रात्री

फॉर्म विचारतो : पायांत नेमकं काय होतं?
चौकोन चार. मुंग्या, जळजळ, ओढ, वेदना.
पेन धरून बसले. यातलं काहीच नाही.
शेवटी समासात लिहिलं,
हाडाच्या पोकळीत कुणी सोड्याची बाटली
खळखळवून ठेवलीय
आणि बूच माझ्या हाती नाही.

डुलुथचा जानेवारी. सरोवर काठाकडून गोठत आलेलं.
सत्तावीस वर्षं मी शाळेची बस चालवली,
तेव्हा दिवसभर पायाला ब्रेक होता, काम होतं,
रात्र तेवढी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची.
आता संध्याकाळही घालते.
चर्चमध्ये मी कडेचा बाक धरते.
सिनेमांचे शेवट मला बहिणीने फोनवर सांगितलेत.
आर्विड सहा वर्षं मुलाच्या जुन्या खोलीत झोपतो.
भांडण नाही. लाथा.

गोळ्यांनी वर्षभर लाड केले,
मग जे रात्री दहाला यायचं
ते दुपारी तीनलाच दारात, बूट न काढता.

म्हणून हे पट्टे. गुडघ्याखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला,
औषध नाही, नुसती वीज, तीही चिमूटभर.
पट्टा बांधताना मारेन ओस्टबी म्हणाली,
अर्ध्यांच्यात खरा प्रवाह आहे, अर्ध्यांच्यात नुसती गुणगुण.
कुणाचा कुठला, मलाही माहीत नाही.
तिचे हात थंड होते, आणि ती खरं बोलत होती.

प्रतीक्षागृहात नऊ खुर्च्या रिकाम्या
आणि आम्ही दोघं उभे.
तिथेच ओळखलं एकमेकांना.
ऑरिन टॉलगार्ड, आयुष्यभर गोदीवर,
बोटीत लोहखनिज ओतणारा,
या पायावरून त्या पायावर डुलत.
आपसात बोलायचं नाही असं बजावलं होतं.
तिसऱ्या आठवड्यात तो खिडकीकडे तोंड करून बोलला,
"अकरा रात्री. ओळीने.
बायको आरसा धरून बघत होती म्हणे, श्वास चालू आहे का."
माझ्या पोटरीत कळ दाबली की काहीतरी ताठ व्हायचं,
आडवी असूनही मी उभी आहे असं पायांना वाटायचं,
आणि पाय फसायचे. कधी तासभर. कधी नाही.
मी मनाशी म्हटलं, खरा याचाच. माझी गुणगुण.
थोडा हेवा वाटला. थोडा नाही, बराच.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला, पहिली बोट भोंगा देत आत आली,
त्याच आठवड्यात मारेनने कागद उघडले.
खरा माझा होता.
चोविसाचे सतरा गुण. बरी नाही, कमी आजारी.
ऑरिनच्या पट्ट्यात काही नव्हतं.

तो आधी हसला. मग, मी पहिल्यांदाच पाहिलं,
खुर्चीत बसला.
"मग त्या अकरा रात्री कुणी झोपवलं मला?"
मारेनने सरासरी, अपेक्षा, मेंदू असं काही सांगितलं,
चांगलंच सांगितलं, न दुखावता.
आता खरा पट्टा मिळेल, फुकट, म्हणाली.
तो आपल्या हातातल्या खोट्याकडे बघत राहिला,
कुत्रा म्हातारा झाला म्हणून कुणी नवा देऊ केल्यासारखा.
"हाच ठेवला तर?"
ती विचारून सांगते म्हणाली.
पुढे काय झालं मला कळलं नाही.
पार्किंगमध्ये त्याची गाडी बराच वेळ
चालू होती, हलत नव्हती.

मी रात्री कळ दाबते तेव्हा
खरी वीज पोटरीत चढते, मोजून मापून,
आणि मला वाटतं, माझं किती यात? तिचं किती?
मग पाय गप्प होतात आणि प्रश्नही अर्धाच राहतो.

काल आर्विड दारात उभा, काखेत उशी.
"पहिल्या लाथेला उठून जाईन."
दोनला दहा कमी असताना गेला.
उशी इथेच राहिली.