शेगडीमागचा दगड

सकाळी दहाला मी फाटक उघडते.
थिएर्थो वारा माझ्याआधी आत शिरतो,
त्याला तिकीट लागत नाही.

मग माणसं येतात, माना वर करून,
आणि मी पाठ केलेलं बोलू लागते:
ओलितेच्या या महालात, इथे, कमानींच्या डोक्यावर
माती चढवून बाग टांगली होती राणीसाठी.
पलीकडे ते दगडी अंडं दिसतं ना,
त्यात भर उन्हाळ्यातही बर्फ निजायचा.
सिंह होते. हो, खरेच सिंह.
भिंतीवरची ही गचकामाची जाळी
मूर कारागिरांच्या बोटांतली.
तुती म्हातारी आहे, तिला हात लावू नका.

कुणीतरी विचारतंच, हे सगळं जुनं आहे का?

तेव्हा अठराशे तेराचं साल सांगते.
फ्रेंच येऊन तळ ठोकतील, म्हणून
आपल्याच माणसांनी आपलाच महाल पेटवला.
पुढे शंभरावर वर्षं
दालनांतून नुसतं आभाळ फिरत राहिलं.
मग नकाशे घेऊन शहाणे आले,
बुरूज पुन्हा उभे राहिले,
राजालाही ओळखू येणार नाहीत इतके टोकदार.

इथवर सांगते. पुढचं सांगत नाही.

राख निवल्यावर गावाने गाढवं आणली.
आधी रात्री, मग दिवसाढवळ्या.
कुणाच्या दाराला उंबरा मिळाला,
कुणाच्या मेंढ्यांना खांब,
आणि आमच्या सातुर्निनोला हा हातभर दगड,
त्यावर पाथरवटाची खूण: बाण, टोक मोडलेलं.

दुरुस्तीवाले दारोदार फिरले,
महालाचं काही असेल तर द्या म्हणाले.
एउलालिया आत्याने त्यावर कढई टांगली.
आमच्याकडे कुठला बाई महाल!

खूण नावासाठी नव्हती, मजुरीसाठी होती.
इतके दगड माझे, इतके पैसे काढा.
मिळाले की नाही कोण जाणे.
बुरुजाच्या जिन्यात, जिथे दिवा पोचत नाही,
तिथे अजून एक बाण सापडला मला.
त्याचंही टोक मोडलेलं.
म्हणजे छिन्नीच तशी होती,
किंवा माणूस.

सहाला फाटक लावून घरी येते.
तेलात लसूण टाकते.
थोड्या वेळाने तो दगड कोमट होतो,
मी पाठ टेकते.

महालात आता कुठलाच दगड तापत नाही.
तिथे विस्तव न्यायला बंदी आहे.