दाब

रात्री दोन ते चार.
लाईनला पाणी असतं आणि रस्त्याला आवाज नसतो.
घाडी लोखंडी दांडी डांबरावर टेकवतो,
वरचं टोक कानाला लावतो.
मी टॉर्च धरते, वहीत लिहिते.
पाणी वर येतं तिथे पाईप फुटलेला नसतो, मॅडम,
उताराने चालत येतं ते,
कधी कधी दोन बिल्डिंगा सोडून.

मी आता अठ्ठेचाळीस पायऱ्यांची बाई आहे.
पूर्वी मोजत नव्हते.
झोपून उठते ती झोपताना होते तेवढीच दमलेली.
परवा व्हॉल्व्ह हा शब्दच आठवेना,
ते फिरवायचं, ते, म्हणाले. घाडीने फिरवलं.
दुपारनंतर पोट नगाऱ्यासारखं.
तळपायाला मुंग्या, जिभेच्या कडेला फोड,
आणि फणीत केस,
वहीत नोंद करावी इतके.

मला काय झालंय हे सगळ्यांना माहीत आहे.
आई म्हणते पित्त, रात्रपाळी सोड.
जाऊ म्हणते थायरॉइड, तिचंही असंच सुरू झालेलं.
शेजारच्या कुंदाताई ओवा आणून देतात, पुडीत बांधून.
ऑफिसातला परुळेकर म्हणतो गहू बंद.
त्याने केला आहे,
तेव्हापासून सगळ्यांच्या डब्यात डोकावतो.
नवरा काही म्हणत नाही. हातातली पिशवी घेतो.
त्यावरून कळतं मी कशी दिसते ते.

भायखळ्याला डॉक्टर मिस्किटांनी
रिपोर्ट टेबलावर पसरले, वॉर्डाच्या नकाशासारखे.
हिमोग्लोबिन नऊ, फेरिटिन सहा,
बी-ट्वेल्व्ह तळाला, थायरॉइड काठावर.
लोहाच्या गोळ्या दोन वर्षं घेताय?
रोज.
मग जातात कुठे?

असं कुणी विचारलं नव्हतं.
किती ओततेस हे विचारलेलं सगळ्यांनी.
पोचतं किती, हे नाही.

आतड्यात शोषलंच जात नसेल, त्या म्हणाल्या,
किंवा पाळीत जास्त जात असेल, किंवा दोन्ही,
शिवाय तुमची झोप.
एकाच कारणाला धरून बसू नका.
गव्हाची तपासणी करू.
पण तोवर पोळी सोडायची नाही हं,
सोडलीत तर रक्तात काही दिसणारच नाही.

हे मात्र मला समजावून सांगावं लागलं नाही.
लाईन बंद केली तर गळती ऐकू येत नाही.
दाब हवा.

म्हणून खातेय. सकाळी दोन, रात्री दोन,
पुरावा असल्यासारख्या चावून.
परुळेकर डबा बघून हळहळतो.
कालच रक्त दिलं. रिपोर्ट गुरुवारी.

आज पहाटे काळाचौकीला
घाडी चहा आणायला गेला तेव्हा
मी दांडीचं टोक पोटावर टेकवलं.
दुसरं कानाशी आणायचं म्हणजे कसरतच,
दांडी लांब, मी वाकडी,
फुटपाथवरचं कुत्रं उठून बघायला लागलेलं.
लोखंड गार होतं, एवढंच कळलं.

घाडी आला. दोन्ही ग्लास खाली ठेवले.
हसला नाही.
आता नाही ऐकू येणार मॅडम, म्हणाला,
डेपोतून बस सुटल्या.