जिवापर्यंत

प्रुफावर एका शब्दाभोवती
शांतवन सरांनी पेन्सिलीनं गोल केला होता
आणि समासात लिहिलं होतं: गळा?

छापलेलं होतं: जिवापर्यंत.
पहिली वेलांटी ऱ्हस्व, म्हणजे माझ्या लेखी बरोबर.
स्तोत्रातला बुडणारा माणूस देवाला सांगतोय
पाणी कुठवर आलं ते.
मी वखारभागातल्या छापखान्यात मुद्रितं तपासणारी,
काना-मात्रेपलीकडे माझा अधिकार नाही.
तरी विचारलं, सर, जिवाला काय झालं?

त्यांनी बशी पालथी घातली,
चहात बोट बुडवून तिच्या बुडावर रेघा काढल्या,
उजवीकडून डावीकडे.
नून, पे, शिन. नेफेश.
अक्षरांची नावं म्हणे मासा, तोंड, दात.
"म्हणजे झालं की जेवण," मी म्हणाले.
ते खोकत हसले.
तेव्हा खोकला नुसता खोकला होता.

मग गुरुवारी प्रेस सुटल्यावर
भडंगाच्या पुडीवर तो शब्द उलगडत गेला.
आधी नरडं. पाताळ आपलं नेफेश रुंद करतं, म्हणजे आ वासतं.
मग नरड्यातली धाप, मग भूक,
मग भूक लागते तो अख्खा माणूस,
शिरगणतीत एक धरायचा तो;
आणि एके ठिकाणी चक्क मढं.
"मढ्यालाही?"
"शब्दाला सोडवत नाही गं, माणूस गेला तरी."

म्हणाले, जीव लिहिलं की लोकांना ज्योत दिसते,
पिंजऱ्यातलं पाखरू दिसतं.
हे पाखरू नाही. याला तहान लागते.

मी म्हटलं, सर, आमचा जीवसुद्धा कंठाशी येतोच की.
आई बाजारातून आली की उभ्यानं तांब्या रिचवते,
म्हणते, जिवात जीव आला.
सरांनी पेन्सिल कानावर ठेवली.
"जिवात जीव. यातला पहिला कुठला?"
त्या दिवशी गोल खोडला.
पुढच्या गुरुवारी परत काढला.

ऑगस्टात कृष्णा छापखान्यात आली.
दारातून नाही, आधी मोरीतून,
उलटी, गुळण्या करत.
आयर्विन पुलावरचे फूट लोक एकमेकांना फोनवर सांगत होते,
आजाऱ्याचा ताप सांगावा तसे.
प्रुफांचं गाठोडं डोक्यावर घेऊन मी निघाले.
पाणी मांडीला, मारुती चौकाकडे छातीला,
आणि होडीतल्या पोरानं हात देईपर्यंत इथं,
हनुवटीखाली, गिळताना हलतं तिथं.
गार, डिझेलच्या वासाचं, कुणाच्या तरी हळदीनं पिवळं.
त्या क्षणी अर्थ कळला असं मी म्हणणार नाही.
कागद भिजू नयेत एवढंच कळत होतं,
आणि तेही धड जमलं नाही.

शाळेतल्या छावणीत तलाठ्यानं वहीत लिहिलं,
सातवी ब, जीव बेचाळीस, शेळी धरून.
वरून साहेब येणार म्हटल्यावर शेळी खोडली
आणि जीवही.
व्यक्ती एकेचाळीस.

फेब्रुवारीत मिरजेला
सरांच्या गळ्याला भोक पाडलं, आवाज काढून घेतला.
श्वास थेट तिथूनच, जाळीमागून,
बारीक शिट्टीसारखा.
उशाशी लिहायला पाटी.
मी डागाळलेलं प्रूफ नेलं होतं;
सोमवारी मशीनवर चढायचं होतं.
सांगा सर, काय ठेवू?

पाटीला त्यांनी हात लावला नाही.
माझं बोट धरलं
आणि त्या भोकापुढे अर्धा इंच नेलं.
ऊब आली. गेली.
आली.
शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बिस्किट बुडवता बुडवता बघत राहिला.

मालकांनी विचारलं, काय ठरलं?
आहे तसं जाऊ द्या, म्हटलं.
छापलेल्या सगळ्या प्रतींत जीवच आहे.
ते प्रूफ तेवढं मी परत केलं नाही.
पेन्सिलीचा गोल त्यावर अजून आहे,
गाळ बसून पक्का झालेला,
खोडरबरानं जात नाही.