एन-सतरा

नंदुरबारच्या बाहेर, दोंडाईच्याच्या रस्त्याला
मिरचीच्या पथारी लागल्या की
खोकला आधी पोचतो, मग माणूस.
मी रुमाल बांधून जाते दर गुरुवारी,
पिशवीत चार्जर, स्पिरिट, कापूस
आणि बावीस पट्ट्यांची यादी.

गिंबीबाई वळवी यादीत नाही.
यादीत आहे एन-सतरा.
तिच्या मनगटावरचा पट्टा
घाम मोजतो, ठोके मोजतो, झोप मोजतो,
दिवसातून पाचदा थरथरून विचारतो:
आत्ता कसं वाटतंय? एक ते पाच.
देठ खुडून खुडून तिची बोटं लाल, तेलकट;
काचेला ती बोटं कळतच नाहीत.
मग ती कोपरानं दाबते, लागेल तो आकडा,
आणि शेजारणी हसतात.

पुण्याहून मेल येतो:
दिवसभर ताण फार, मिरचीमुळे असेल, गाळून टाका.
मीही गाळत होते.
पण रोज एक दहा ते दीड
बाविसांच्या बावीस रेघा खाली बसायच्या,
वारा पडल्यावर धूळ बसते तशा.
मिरची तीच. ऊन उलट जास्त.

विचारलं, तर गिंबीबाईनं
पाटीतून मान वर काढली नाही.
माझ्याशी बोलायचं म्हणून अहिराणीत म्हणाली,
"तोलकाटावाला जेवाले जास तवय."

एवढंच.

माझ्या फॉर्ममध्ये रकाने आहेत:
चहा, तंबाखू, पाळी, भांडण, ताप.
तोलकाट्याला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहिलं, खोडलं,
पुन्हा बारीक अक्षरात लिहिलं.

अंगठा घेताना मीच वाचून दाखवलं होतं,
तुमचं नाव कुणालाही कळणार नाही.
आज तिनं देठांचा ढीग पायानं सारत विचारलं,
"हाई शेटले दिसस का?"

नाही, म्हणाले मी.

शेटनं परवानगी देताना अहवालाची एक प्रत मागितली होती
आणि सरांनी मान हलवली होती.
हजेरीचं बुक उघडून
सतरावी कोण हे काढायला
चहा गार होईपर्यंतचा वेळ पुरेल.

पट्टा माझ्याही हातात असतो,
ताळा बघायला. नंबर शून्य.
तो नेमका तेव्हाच थरथरला:
आत्ता कसं वाटतंय?

गिंबीबाईनं पहिल्यांदाच मान वर केली,
माझ्या मनगटाकडे पाहिलं.
"दाब ना," म्हणाली.

माझ्या बोटांना तर मिरची लागलेली नव्हती.