हाजिमे म्हणायला कुणी नव्हतं

सानपाड्याच्या समाजमंदिरात,
दर मंगळवारी आणि शनिवारी, डुगडुगत्या पंख्याखाली
सत्तावीस वर्षं मी मोजत आलोय :
इचि, नी, सान, शी.
लादीवर निळ्या टेपनं आखलेला चौकोन.
चपला बाहेर. आत येताना वाकायचं,
जाताना पुन्हा वाकायचं.
इथं येणारा प्रत्येक ठोसा
सांगून येतो.

तो सांगून आला नाही.

तुर्भ्याला, मार्केटच्या मागच्या गेटपाशी
माझ्या स्कूटरचा आरसा त्याच्या टेम्पोला घासला,
एवढंच. धड रेघही नव्हती.
पायाखाली कांद्याची सालं, बर्फाचं ठिबकलेलं पाणी,
पायात अंगठा सुटत आलेली चप्पल.
तो बोलत बोलत जवळ आला
आणि बोलता बोलताच त्यानं कॉलर धरली.
अंतर,
ज्या अंतरावर माझी अख्खी विद्या उभी आहे,
दीड हात, फार तर दोन,
ते शिल्लकच नव्हतं.
त्याच्या तोंडातल्या माव्याचा वास माझ्या तोंडात.

माझा डावा हात खाली आला. गेदान बराई.
सुरेख. परीक्षकानं मान डोलावली असती.
खाली कुणी मारतच नव्हतं.
वरून हेल्मेट आलं. माझंच,
हुकाला अडकवलेलं,
जे डोक्यात असायला हवं होतं.

पुढे मी जे केलं ते कुठल्याच कातात नाही.
खाली बसलो. दोन्ही हातांनी डोकं झाकलं.
आणि म्हणालो, "अहो... अहो..."
इतकी वर्षं बेंबीच्या देठापासून काढलेला कियाई
आणि ऐन वेळी
अहो.

जिजाबा शेडगे, माथाडी, मूळचा जावळीचा
(नाव नंतर विचारलं),
त्यानं मागून त्याच्या कमरेला मिठी घातली
आणि पोतं उतरवावं तसा
बाजूला ठेवला.

तीन टाके. वाशीच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
काय करता?
शिकवतो.
काय?
ड्रॉइंग, म्हणालो.

शनिवारी चौकोनात उभा राहिलो.
एकवीस पोरं, कडक इस्त्रीची, पांढरीशुभ्र.
पहिल्या रांगेत शर्वाणी गव्हाणकर, हिरवा पट्टा.
तिची आई परवाच म्हणाली होती,
"रात्री ट्यूशनहून एकटी येते, पण आता काळजी नाही."
काळजी नाही :
हेच मी विकत होतो, महिना नऊशे रुपयांना,
पावतीसकट.

काता खोटा नाही. कुणी तसं म्हटलं तर भांडेन.
आईनंतर मला सरळ उभं कुणी केलं असेल
तर त्यानंच.
पहाटे गच्चीवर एकटा करतो तेव्हा
हवेतला तो शत्रू अजून माझा मान राखतो.
ठरल्या वेळी येतो, ठरल्या जागी पडतो.
सभ्य गृहस्थ आहे.
फक्त त्याची आणि टेम्पोवाल्याची
कधी ओळख झालेली नाही.

मग पोरांना म्हटलं, चपला घाला. आत.
ती एकमेकांकडे बघायला लागली,
देव्हाऱ्यात पाय ठेवायला सांगितल्यासारखी.
शर्वाणीला म्हटलं, दप्तर पाठीवर घे, मोबाइल हातात.
आणि दप्तराचा पट्टा मागून खेचला.
ती गपकन थांबली. खांदे ताठ, मुठी कमरेला.
वाट बघत होती, मी हाजिमे म्हणायची.
कुणी म्हणणार नाही, म्हटलं. ओरड.
"ओस?"
नाही गं. मराठीत. आणि दप्तर सोड.
दप्तर गेलं तर जाऊ दे.

ओंकारचे बाबा दारातून बघत होते.
"सर, पळायलाच शिकवायचं तर फी कसली?"
मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.
टाक्यांची जागा तेवढी खाजते.

पाचव्या खेपेला ती खरंच ओरडली,
माझ्या हातात दप्तर टाकून
निळ्या टेपवरून धाडधाड पलीकडे,
थेट जिन्यापर्यंत.
वाकायचं विसरली.

मी तिला परत बोलावलं नाही.